जुन्या गाडीचं इंजिन ऑइल गळतंय: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून वारंवार येणारे प्रश्न

मृग लागला की मला येणारे मेसेज बदलतात. 'एसी गार करत नाही' बंद होतं आणि 'गाडीखाली तेल पडतंय' सुरू होतं. गाड्या पावसाळ्यातच जास्त गळतात असं नाही. उन्हाळ्यात थेंब धुळीत मुरतो, पावसात तोच ओल्या फरशीवर रंगीत होऊन पसरतो आणि घरच्यांच्या डोळ्यावर येतो, एवढंच. तेच तेच प्रश्न परत येतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. मी गॅरेजवाला नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात लेथवर काम करतो, त्यामुळे शाफ्ट आणि सीलशी (शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी) रोजची गाठ. घरात १९९७ ची मारुती ८०० आहे, ती शिकवते ते वेगळंच. प्रश्न तुमच्याच शब्दांत आहेत, थोडे कापलेत.

१. सकाळी गाडीखाली डाग दिसतोय. इंजिन ऑइलच आहे हे कसं ओळखू?

रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र अंथरा आणि पुढच्या चाकांची जागा खडूने खूण करून ठेवा. सकाळी डाग कुठे आहे ते कळतं, रंगही कळतो. तपकिरी ते काळा, बोटाला बुळबुळीत, करपट वासाचा असेल तर इंजिन ऑइल. जाडसर आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअर ऑइल. हिरवं किंवा गुलाबी, गोडसर वासाचं ते कूलंट. लालसर असेल आणि गाडीला पॉवर स्टिअरिंग असेल तर तिकडे बघा. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, फिकट पिवळा ओघळ दिसला तर तो ब्रेक ऑइलचा असू शकतो; तसं असेल तर गाडी बाहेर काढू नका, मिस्त्रीला घरी बोलवा. आणि एसी लावून आल्यावर पडलेलं स्वच्छ पाणी हे पाणीच असतं. दर उन्हाळ्यात निदान चारजण त्याचा फोटो पाठवतात.

२. थेंब थेंब तर गळतंय, जुनी गाडी आहे, त्याला काय एवढं मनावर घ्यायचं?

हिशेब करू. ढोबळ मानाने २० थेंबांचं १ मिलिलिटर होतं. रात्रभरात १५ थेंब पडले तर महिन्याला २०-२५ मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार-पाच चमचे. याने इंजिनचं काही बिघडत नाही. पण चालू इंजिनमधून दर दोन सेकंदाला एक थेंब पडत असेल तर तासाला १८०० थेंब, म्हणजे ९० मिलिलिटर. बहुतेक गाड्यांत ऑइल मोजायच्या स्टिकवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत जेमतेम लिटरभराचा फरक असतो, छोट्या गाड्यांत त्याहून कमी. आता पुण्यापर्यंतचा हिशेब तुम्हीच करा. म्हणून उभ्या गाडीखालचा डाग बघून निकाल देऊ नका, इंजिन चालू ठेवून बघा. आणि प्रमाण कितीही असो, तेल पडतं कुठे हेही बघा. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर (इंजिनमधून धूर बाहेर नेणारा तापलेला भाग) पडत असेल तर प्रश्न १८ आधी वाचा.

३. स्टिक दरवेळी वेगळी लेव्हल दाखवते. खरी कुठली?

सपाट जागा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली, स्टिक एकदा पुसून पुन्हा पूर्ण आत घालून काढलेली. हीच खरी. आपल्याकडे बऱ्याच अंगणांना रस्त्याकडे उतार असतो. तिथे बघितलेली लेव्हल धरू नका. रोज एकाच वेळी, एकाच जागी बघा आणि वहीत लिहा. आठवड्याचे सात आकडे मिस्त्रीच्या अंदाजापेक्षा जास्त बोलतात.

४. गळती नेमकी कुठून आहे हे घरी शोधता येतं का?

येतं, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात. चालत्या गाडीत वारा तेलाला मागे ढकलतो आणि वजन त्याला खाली ओढतं. टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या डोक्यावरचं झाकण) मागच्या कोपऱ्यातून निघालेला थेंब ब्लॉकवरून ओघळत चेंबरच्या (इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं) कडेला येतो आणि तिथून पडतो. खालून बघणाऱ्याला वाटतं चेंबरचं पॅकिंग गेलं. शोधायचा असतो तो सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला भाग.

आधी इंजिन साफ करा. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या गाड्यांवर लाल मातीचा आणि तेलाचा मिळून भाकरीएवढा थर बसलेला असतो. तो काढल्याशिवाय कुठलाही मिस्त्री सांगेल तो फक्त अंदाज. थंड इंजिनवर डिग्रीझर मारा, जुन्या दात घासायच्या ब्रशने कोपरे घासा, फडक्याने पुसा. वॉशिंग सेंटरमध्ये नेणार असाल तर डिस्ट्रिब्युटर आणि अल्टरनेटरवर प्लास्टिकची पिशवी बांधा आणि प्रेशरचा पाइप लांब धरायला सांगा. पेट्रोलने धुऊ नका. स्वस्त वाटतं, पण पेटायला एक ठिणगी पुरते.

वाळलं की इंजिन जागेवर दहा-पंधरा मिनिटं चालवा. टॉर्च आणि दाढीचा छोटा आरसा घेऊन टॅपेट कव्हरची कड सगळीकडून बघा. काही दिसलं नाही तर बेळगावहून खानापूरपर्यंत, म्हणजे पंचवीसेक किलोमीटर, जाऊन या आणि परत बघा. तरीही नाही सापडलं तर संशयाच्या भागावर साधी टाल्कम पावडर भुरभुरा. तेल निघेल तिथे पावडर काळी पडते. फिरणाऱ्या बेल्टजवळ मात्र हात नको. याहून खात्रीचा उपाय म्हणजे ऑइलमध्ये घालायचा चमकणारा रंग. तो घालून गाडी चालवायची आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारायची, गळतीची जागा हिरवी-पिवळी चमकते.

खाली झोपून बघायचं असेल तर गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका. यात माझं ऐकू नका असं कुणी सांगितलं, तर त्याचं ऐकू नका.

५. जुन्या गाडीत सगळ्यात जास्त कुठून गळतं?

मी बघितलेल्या गाड्यांवरून सांगतो: टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ड्रेन नटचा वॉशर, ऑइल फिल्टरची रबरी रिंग, ऑइल प्रेशर स्विच. कार्ब्युरेटरच्या पेट्रोल गाड्यांत डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग आणि यांत्रिक पेट्रोल पंपाचं पॅकिंग. मग चेंबर पॅकिंग. त्यानंतर टायमिंग बाजूची कॅम आणि क्रँकची सीलं, आणि शेवटी फ्लायव्हील बाजूचं, म्हणजे गिअरबॉक्सकडचं, मागचं सील. पहिल्या चारांचं सामान नाश्त्याच्या खर्चात येतं, शेवटच्याला गिअरबॉक्स उतरतो. तपासताना याच क्रमाने जा.

प्रेशर स्विच बहुतेक जण विसरतात. त्याच्या वायरचा सॉकेट काढून बघा. आत तेल असेल तर स्विचच गळतोय. सुमो, बोलेरोसारख्या डिझेल गाड्या असणाऱ्यांनी अल्टरनेटरच्या मागचा व्हॅक्यूम पंप आणि त्याचा ऑइलचा पाइपही बघावा. तिथून गळालं की तेल अल्टरनेटरमध्ये जातं आणि एका दुखण्याची दोन होतात.

६. ऑइल बदललं त्या दिवसापासूनच गळायला लागलंय. जुनं ऑइलच बरं होतं का?

ऑइल बदलल्यावर सुरू झालेली गळती बहुतेक वेळा ऑइल बदलणाऱ्या हाताची असते. चार गोष्टी बघा. ड्रेन नटचा वॉशर जुनाच बसवला का? तो एकदा दाबला गेला की त्याचं काम संपतं. नट पान्याला पाइप लावून आवळला का? तसं केलं की ॲल्युमिनिअमच्या चेंबरचे आटे जातात. मारुतीच्या छोट्या गाड्यांना साधारण ३५ न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे हातभर लांब पान्यावर बेताचा जोर. जुन्या फिल्टरची रबरी रिंग ब्लॉकला चिकटून राहिली आणि नवीन फिल्टर तिच्यावरच चढवला का? असं झालं तर इंजिन चालू करताच धार लागते. नवीन फिल्टरच्या रिंगला बोटाने थोडं ऑइल लावायचं, रिंग टेकली की हातानेच पाऊण आटा फिरवायचा, बस्स.

चौथी गोष्ट म्हणजे जास्त भरलेलं ऑइल. मारुती ८०० ला तीन लिटरच्या आसपास लागतं. साडेतीनचा डबा आहे म्हणून सगळा ओतला तर क्रँक तेल घुसळतो, फेस होतो, आतला दाब वाढतो आणि सगळ्यात अशक्त सीलमधून ते बाहेर येतं. पातळ ऑइलबद्दल प्रश्न १५ मध्ये लिहिलंय.

७. टॅपेट कव्हरचं पॅकिंग मी स्वतः बदलू शकतो का?

शकता. पाना धरायला शिकायचं तर यापेक्षा बरं काम नाही. इंजिन थंड असू दे. एअर फिल्टरचा डबा आणि आडवे येणारे पाइप काढा. काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या, बसवताना आपला आपल्यावरच विश्वास राहत नाही. कव्हर चिकटलं असेल तर रबरी हातोडीने बाजूने हलके ठोका. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलंत तर ॲल्युमिनिअमवर ओरखडा पडतो आणि तीच उद्याची गळती.

जुनं पॅकिंग बहुतेक कुरडईसारखं कडक होऊन तुटत निघतं. रबर वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ताठ होतं, पॅकिंग गळायचं खरं कारण हेच. तुकडे हेडमध्ये पडू देऊ नका. दोन्ही कडा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून कोरड्या पुसा. कव्हर पत्र्याचं असेल तर आरशावर किंवा सपाट काचेवर ठेवून बघा. वाकडं असेल तर नवीन पॅकिंगही गळणार.

नवीन पॅकिंग रबराचं घ्या. कॉर्कचं स्वस्त मिळतं, पण वर्षभरात दबून बसतं. कोरडंच बसवा. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, थोडे थोडे, दोन फेऱ्यांत आवळा. छोट्या रिंग पान्यावर दोन बोटांचा जोर पुरे. मी पहिल्यांदा केलं तेव्हा 'अजून थोडं' म्हणत एक बोल्ट तोडला आणि तो काढायला आमच्याच शॉपमध्ये ड्रिलला लावावा लागला. सगळे शेजारी बघायला आले होते.

प्लगच्या खड्ड्यात ऑइल येत असेल आणि गाडी मिस मारत असेल, तर ज्या इंजिनात प्लगच्या नळ्या कव्हरमधून जातात त्यांच्या छोट्या गोल रिंगाही त्याच वेळी बदला.

८. मिस्त्री म्हणतो पॅकिंग नको, सोल्यूशन लावून देतो, जन्मभर बघायला नको. लावू का?

सोल्यूशन म्हणजे सिलिकॉनची पेस्ट. जिथे कंपनीनेच सिलिकॉन दिलंय तिथे लावायचं, काही गाड्यांचे चेंबर तसेच बसतात. जिथे रबरी पॅकिंग दिलंय तिथे पॅकिंगच. सिलिकॉन लावायचं तर दोन्ही बाजू तेलाचा मागमूसही नको इतक्या कोरड्या, तीनेक मिलिमीटरची अखंड रेघ बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने, आणि त्यानंतर डब्यावर लिहिला असेल तेवढा वेळ, बहुतेक रात्रभर, गाडीला सुट्टी. अर्ध्या तासात चावी देणारा मिस्त्री असेल तर ते काम टिकणार नाही.

खरा धोका दिसत नाही. जादा लावलेलं सिलिकॉन आतल्या बाजूलाही बाहेर येतं, त्याचे शेवयांसारखे तुकडे सुटतात आणि चेंबरमधल्या ऑइलच्या जाळीत अडकतात. गळती थांबते आणि बेअरिंगला तेल जाणंही थांबतं. आमच्याकडे ग्राइंडिंगला येणाऱ्या क्रँकांपैकी काहींच्या इंजिनात अशा शेवया सापडल्यात.

९. सहा महिन्यांत दोनदा सील बदललं, परत गळतंय. डुप्लिकेट सील होतं काय हो?

डुप्लिकेट असू शकतं, पण मी आधी दोन वेगळ्या गोष्टी बघेन.

पहिली, इंजिनचा श्वास. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू नेहमीच खाली क्रँककेसमध्ये उतरतो. तो बाहेर काढायला ब्रीदरचा पाइप असतो, पेट्रोल गाड्यांत पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो. जुन्या गाडीत हा मार्ग काळ्या चिकट गाळाने बुजतो. मग दाब सीलमधून वाट काढतो. तुम्ही एक सील बदलता, तो दुसरीकडून निघतो. इंजिन जागेवर चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा आणि त्याजागी कागद धरा. पीसीव्ही चालू असेल तर कागद हलका आत ओढला जातो. फुसफुस करून वर उडत असेल किंवा स्टिक आपोआप वर येत असेल तर ब्रीदर बुजलाय, नाहीतर पिस्टनच्या रिंगा घासल्यात. व्हॉल्व्ह काढून हलवा, खुळखुळला पाहिजे. नसेल तर कार्ब्युरेटर क्लीनरने धुवा किंवा नवा टाका, पाइपही आतून साफ करा. एवढ्याने गळती अर्ध्यावर आलेली मी दोन-तीन गाड्यांत बघितलीय. साफ करूनही उडत असेल तर कॉम्प्रेशन तपासून घ्या. तिथे सीलवर खर्च करणं म्हणजे फुटक्या घागरीला बाहेरून रंग.

दुसरी गोष्ट शाफ्टवरची खाच. सीलची ओठासारखी कड एकाच जागी लाखो फेरे घासते आणि लोखंडावर बारीक चर पाडते. नख फिरवा, अडकलं तर चर आहे. नवीन सील त्याच चरात बसलं की गळणारच. उपाय दोन: सील मूळ जागेपासून एक-दीड मिलिमीटर पुढे किंवा मागे बसवायचं, जागा असेल तर, नाहीतर शाफ्टवर पातळ रिपेअर स्लीव्ह चढवायची. बेळगावात क्रँकचं काम करणारी शॉप्स आहेत हे आपलं भाग्य. शाफ्ट घेऊन उद्यमबागेत आलात तर कुणी ना कुणी मार्ग सांगतोच.

आणि सील बसवताना: कडेला ऑइल लावून, स्प्रिंगची बाजू आत ठेवून, बाहेरच्या व्यासाचा पाइपचा तुकडा धरून सरळ ठोकायचं. एका बाजूने हातोडी मारलेलं सील पहिल्या दिवसापासून तिरकं असतं.

१०. गिअरबॉक्स उतरवावा लागेल म्हणालेत. खर्च ऐकून घाम फुटला. खरंच लागेल का?

लागेलही. पण आधी प्रश्न ४ मधली साफसफाई करून पुन्हा बघा. माझीच फजिती सांगतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब पडत होता. एका ओळखीच्या गॅरेजात मागचं सील ठरलं, गिअरबॉक्स उतरला, सील बसलं, पैसे गेले. तिसऱ्या दिवशी त्याच जागी थेंब. गळत होती ती वर बसलेली डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग. तेल मागून ओघळत बरोबर त्या सांध्यात येत होतं. ती रिंग मी चहा थंड व्हायच्या आत बदलली.

वर सगळं कोरडं असेल आणि थेंब सांध्याच्या आतूनच येत असेल तर मग तेलाचा वास घ्या. गंधकाचा वास असेल तर ते गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील आहे, इंजिनचं नाही. क्लच घसरायला लागला असेल तर तेल प्लेटवर पोचलंय. गिअरबॉक्स उतरलाच तर दोन्ही सीलं, रिलीज बेअरिंग आणि घासली असेल तर क्लच प्लेट एकदमच बदला. सामान थोडं, मजुरीच मोठी असते; तीच मजुरी वर्षात दोनदा द्यायची कुणाला हौस?

११. स्टिक दर आठवड्याला खाली जाते, पण गाडीखाली एक थेंब नाही. तेल जातं कुठे?

सायलेन्सरमधून. इंजिन ते जाळतंय. सकाळी पहिल्यांदा चालू करताना निळसर धुराचा एक लोट येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हची सीलं. आपल्याकडे याची उत्तम परीक्षा चोर्ला घाटात होते. गिअरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून काढून उतरताना इंजिनात ओढ जास्त असते, तेल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून आत शोषलं जातं. खाली येऊन ॲक्सिलरेटर दाबला की मागच्या गाडीला निळा ढग दिसतो. चढावर जोर लावताना सतत निळा धूर असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडरचा बोअर. व्हॉल्व्हच्या सीलांचं काम आटोपशीर आहे, रिंगांचं म्हणजे इंजिन उघडणंच. मागून मित्राला बाइकवर यायला सांगा, त्याच्या नाकाइतकं अचूक मशीन नाही.

१२. ऑइलच्या झाकणाखाली दह्यासारखा पांढरा फेस आहे. हेड गॅसकेट गेलं का?

पावसाळ्यात घाबरू नका. टिळकवाडीहून कॅम्पपर्यंत, म्हणजे बेळगावातल्या बेळगावात, जाऊन परत येणाऱ्या गाडीचं इंजिन नीट तापतच नाही, आतली वाफ थंड झाकणाला धरते आणि तेलात मिसळून फेस होतो. गाडी एकदा तास-दीड तास रस्त्यावर पळवा, झाकण पुसा आणि आठवड्याने बघा. स्टिकवरचं तेलही चहासारखं दुधाळ असेल, कूलंट कमी होत असेल किंवा रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर मात्र इंजिन चालू करू नका, गाडी ओढून न्या.

१३. माझी उलटीच तऱ्हा. गळतंय, तरी स्टिकची लेव्हल वाढतेय!

स्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल तर कार्ब्युरेटरच्या गाडीत यांत्रिक पंपाचा पडदा फाटून पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतंय. तेल पातळ होतं, म्हणून सीलांतून जास्त गळतं आणि बेअरिंगला संरक्षण राहत नाही. पंप बदला, ऑइल आणि फिल्टर लगेच बदला, त्याशिवाय गाडी चालवू नका. वास नसेल आणि तेल दुधाळ असेल तर प्रश्न १२.

१४. लीक थांबवायचं औषध बाटलीत मिळतं. घालू का?

ते कडक झालेलं रबर थोडं फुगवतं. मागच्या सीलमधून किरकोळ झिरपत असेल आणि गिअरबॉक्स उतरवायचा खर्च काही महिने पुढे ढकलायचा असेल तर घालून बघायला हरकत नाही, फरक पडायला काहीशे किलोमीटर लागतात. तुटलेल्या पॅकिंगला, चर पडलेल्या शाफ्टला, फुटलेल्या चेंबरला त्याचा उपयोग शून्य. आणि बरं वाटलं म्हणून दर वेळी दुप्पट घालू नका. चांगल्या सीलांचं रबरही मऊ पडतं.

१५. जाड ऑइल घातलं तर गळती कमी होते म्हणतात.

होते, थोडी. जुन्या पेट्रोल गाडीला मुळात २०डब्ल्यू-४० सांगितलेलं असताना कुणी त्याहून पातळ ५डब्ल्यू-३० सिंथेटिक घातलं असेल तर परत मूळ ग्रेडवर या. मॅन्युअलपेक्षा जाड मात्र नको. थंडीतल्या पहाटे जाड तेल टॅपेटपर्यंत पोचायला वेळ घेतं, आणि इंजिन तेवढा वेळ कोरडं फिरतं. सुटं ऑइल घेऊ नका, सील असलेला डबाच घ्या.

१६. शेतात जाताना चेंबर दगडाला आपटला. आता कडेने ओलं दिसतंय.

आधी स्टिक बघा. धार असेल तर गाडी तिथेच, ट्रॅक्टर बोलवा. उसाच्या दिवसात तो रस्त्यावरच सापडतो. नुसतं ओलं असेल तर चेंबर उतरवून तपासा. पत्र्याच्या चेंबरला वेल्डिंग चालतं, आधी आतून पूर्ण धुऊन. बोल्ट जास्त आवळल्यामुळे भोकांभोवती पत्रा वर आलेला असतो. सपाट ऐरणीवर ठेवून गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोकून तो बसवा, मगच नवीन पॅकिंग. हे न करता नुसतं पॅकिंग बदललं की महिन्याभरात परत तोच ओघळ. चेंबर आत दबला असेल तर ऑइलची जाळी तळाला टेकलीय का तेही बघा.

१७. मी बेंगळुरूला असतो, गाडी गावी वर्षभर उभी. गणपतीला चालू केली की गळते. का?

सील ओलं असलं तर मऊ राहतं. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत वरची सीलं कोरडी पडतात आणि ज्या आकारात दबली त्याच आकारात ताठतात. दोन-तीनशे किलोमीटर चालल्यावर गळती पुष्कळदा आपोआप कमी होते, म्हणून आल्या आल्या मिस्त्रीकडे पळू नका, स्टिकवर लक्ष ठेवा. घरच्यांना 'आठवड्याला पाच मिनिटं चालू करा' सांगू नका. त्याने आत पाणीच साठतं. महिन्यातून एकदा पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणायला सांगा, चुलतभाऊ आनंदाने करेल. ऑइल किलोमीटर झाले नसले तरी वर्षाने बदला.

१८. गळती आहे, पण रविवारी गोव्याला जायचं ठरलंय. जाऊ का?

तीन प्रश्नांची उत्तरं द्या. तेल सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर पडतंय का, म्हणजे थांबल्यावर बॉनेटमधून करपट वास आणि धूर येतो का? हो असेल तर जाऊ नका. घाटाच्या चढावर मॅनिफोल्ड इतका तापतो की त्यावर साचलेलं तेल पेटू शकतं. तेल टायमिंग बेल्टवर जातंय का? मारुती ८००, झेन, एस्टीम, सँट्रो, इंडिका यांना रबरी बेल्ट आहे. तेलाने तो फुगतो, दात सुटतात, आणि बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. तेल लागलेला बेल्ट पुसून वापरायचा नसतो. सीलसोबत बेल्टही नवा. तिसरं, तासाला किती जातं? प्रश्न २ प्रमाणे मोजा.

तिन्ही उत्तरं बरी असतील तर एक लिटर ऑइल डिकीत टाका आणि दर शंभर किलोमीटरला स्टिक बघा. ऑइलचा लाल दिवा लागला तर 'पुढच्या गावापर्यंत' असं काही नसतं. त्या दिव्याचा अर्थ लेव्हल कमी असा नाही, दाबच नाही असा आहे. बाजूला घ्या, चावी बंद.

१९. गाडीचं १५ वर्षांचं पासिंग आलंय. पीयूसीत गळती पकडतात का?

पीयूसीचं मशीन सायलेन्सरमधला धूर मोजतं, गळती त्यात येत नाही. तेल जाळणारी गाडी मात्र तिथे अडकू शकते (प्रश्न ११). नोंदणी नूतनीकरणाच्या तपासणीला, म्हणजे १५ वर्षांनी आणि मग दर ५ वर्षांनी, गाडी प्रत्यक्ष बघतात. खालून ठिबकणारी गाडी घेऊन जाणं शहाणपणाचं नाही. इंजिन धुऊन, निदान स्वस्तातल्या गळत्या काढून जा.

२०. काढलेलं जुनं ऑइल कुठे टाकू? आमच्याकडे कुंपणाच्या खांबांना लावतात.

वाळवी लागू नये म्हणून लावतात, माहीत आहे, आजोबांनीही लावलंय. पण पावसात ते धुऊन शेतात आणि विहिरीत जातं. वापरलेलं ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतं, गटारात किंवा ओढ्यात ओतता येत नाही. मलप्रभा कणकुंबीत उगम पावते, त्या बाजूच्या ओढ्यांत ओतलेलं तेल कुठे जाणार ते वेगळं सांगायला नको. डब्यात भरून मोठ्या गॅरेजला द्या, तिथून ते पुनर्वापराला जातं. फरशीवर सांडलं तर लाकडाचा भुसा टाका, रात्रभराने झाडून घ्या.

२१. बैलहोंगलकडे गाडी बंद पडली, मिस्त्री कन्नडच बोलणारा. काय सांगू?

'ऑइल सोराकत्तैतिरी' म्हणा आणि बोटाने दाखवा. सील, पॅकिंग, चेंबर, टॅपेट हे शब्द दोन्हीकडे तेच आहेत. बाकीचं काम टॉर्च करतो.

२२. वडिलांची अँबॅसिडर आहे, जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. मागून गळतं ते कुणालाच थांबवता आलेलं नाही. तुम्ही सांगा.

कुणालाच येणार नाही, कारण तिथे आजच्यासारखं रबरी सीलच नाही. ते ब्रिटिश बीएमसीचं जुनं इंजिन. त्याच्या क्रँकच्या मागच्या टोकाला उलट्या आट्यांसारखे चर कापलेले असतात. क्रँक फिरताना ते चर तेलाला स्क्रूसारखं आत ढकलतात. इंजिन बंद झालं की ढकलणारं कुणी नसतं, म्हणून उभ्या गाडीतून थोडं झिरपतं, आणि चढावर तोंड करून लावली तर जास्त. ब्रीदर साफ ठेवा, लेव्हल वरच्या खुणेच्या जरा खालीच ठेवा, गाडी सपाट जागी लावा. तरीही चालू इंजिनमधून धार येत असेल तर मेन बेअरिंग घासून क्रँक खाली बसलाय आणि चरांभोवतीची फट वाढलीय. तेव्हा इंजिन उघडूनच बघावं लागेल. तसं नसेल तर गाडीखाली एक जुना पत्र्याचा ट्रे ठेवा. आमच्या गल्लीत एका अँबॅसिडरखाली असा ट्रे मी शाळेत असल्यापासून बघतोय. गाडी अजून दसऱ्याला फुलं लावून बाहेर निघते.